इंधनातले तांबे: स्ट्रिपिंग घ्यावे की एएएस?

गडचिरोली-यवतमाळकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये करंजाचे बायोडिझेल किंवा इंधनाचे इथेनॉल तपासायचे असेल, तर आधी धातू ठरवा. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरून केलेल्या बायोडिझेलात उरणारे पोटॅशियम स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीने (धातू विजेने इलेक्ट्रोडवर साचवून, मग तो सोडवताना वाहणारा प्रवाह मोजण्याची पद्धत) मोजता येत नाही. पाण्याच्या द्रावणातून ते इलेक्ट्रोडवर बसतच नाही. त्याला फ्लेम फोटोमीटर (ज्योतीतल्या प्रकाशावरून धातू मोजणारे यंत्र) पुरतो.

तांब्यासाठी मात्र स्ट्रिपिंगच घ्यावे. तांब्यामुळे इंधन लवकर खराब होते, गोंद धरतो. एएसटीएम डी ४८०६ या इंधन-इथेनॉलच्या अमेरिकी मानकानुसार इथेनॉलमध्ये किलोला ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच चालते, म्हणजे लिटरला सुमारे ८० मायक्रोग्रॅम. दहापट पातळ केल्यावर ८ उरतात. फ्लेम एएएसला (ज्योतीतल्या अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातू मोजणारे यंत्र) हा आकडा जेमतेम झेपतो. शिवाय ॲसिटिलीनचा सिलिंडर, कॉम्प्रेसर आणि धूर ओढणारा पंखा लागतो. स्ट्रिपिंगमध्ये तांबे इलेक्ट्रोडवर दोन-तीन मिनिटे साचवले की प्रवाहाच्या आलेखात त्याचे शिखर स्पष्ट दिसते, आणि छोटे यंत्र लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत असल्याने लाइन गेली तरी काम थांबत नाही. रोज पन्नास-साठ नमुने येत असतील, तरच एएएसचा विचार करा.

इलेक्ट्रोड सोन्याचा घ्या. बिस्मथ शिसे-कॅडमियमला उत्तम, पण त्याचे स्वतःचे शिखर तांब्याच्या शेजारीच येते. पाऱ्याचा कचरा गावात टाकायला जागा नाही, म्हणून तो नकोच.

खरी कसोटी नमुना तयार करण्यात आहे. इथेनॉल आम्लात पातळ केले की झाले. बायोडिझेल मफल फर्नेसमध्ये (बंद भट्टीत) जाळायचे तर तापमान हळूहळू वाढवावे लागते, नाहीतर ते फेसाळून क्रुसिबलबाहेर येते. मध्येच लाइन गेली तर दिवस वाया. त्याऐवजी मायक्रोइमल्शन (तेल आणि पातळ आम्ल एकजीव झालेले पारदर्शक मिश्रण) करा: १ मिली बायोडिझेल, ७ मिली प्रोपॅनॉल, मग पातळ नायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने, साधारण १ मिलीपर्यंत. गढूळ झाले तर प्रोपॅनॉल वाढवा. तेलाचा थर इलेक्ट्रोडवर बसून शिखर खुजे होते, म्हणून दर नमुन्यानंतर इलेक्ट्रोड ॲल्युमिनाच्या बारीक पुडीने घासा. पाण्यातल्या प्रमाणित द्रावणांचा आलेख इथे चालत नाही. त्याच नमुन्यात माहीत असलेले तांबे दोन-तीनदा घालून मोजा, आणि सगळे एकाच तापमानाला. मे महिन्यात सकाळची खोली आणि दुपारची खोली यांत दहा अंशांचा फरक पडला, तर शिखर वीसेक टक्क्यांनी वाढू शकते.

नमुना बॅरलच्या पितळी नळातून घेऊ नका. तो नळच तांबे आणि जस्त सोडतो. वरच्या तोंडातून काचेच्या नळीने काढा, आणि बाटली आदल्या रात्री १० टक्के नायट्रिक आम्लात भिजवून, धुऊन, पूर्ण कोरडी करून ठेवा.