निवासी पुनर्वसन केंद्रातील परिचर्या: आईच्या पक्षाघातानंतरच्या काही महिन्यांचा अनुभव

माझ्या आईच्या मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघात झाला आणि तिची डावी बाजू लुळी पडली. मोठ्या रुग्णालयातून घरी न नेता आम्ही तिला पुण्यातील एका निवासी पुनर्वसन केंद्रात ठेवले आणि ते काही महिने मी तिच्या सोबतीला राहिले. खाली तक्रारीही आहेत, त्यामुळे केंद्राचे नाव देत नाही. प्रवेशापूर्वी आम्हाला फिजिओथेरपीचा हॉल, चालण्याच्या सरावाचे समांतर बार आणि नवी यंत्रे कौतुकाने दाखवण्यात आली. मात्र हॉलमधला सराव दिवसाकाठी दोन-तीन तासांचाच असतो. उरलेला सगळा वेळ रुग्ण सिस्टर, ब्रदर आणि मावशींच्या हाती असतो. केंद्राची पारख या उरलेल्या वेळावरून, विशेषतः रात्रीवरून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

उजव्या मेंदूच्या पक्षाघातात पुष्कळदा रुग्णाचे आपल्या डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. नजर शाबूत असूनही आई ताटातल्या डाव्या बाजूच्या भाजीला हात लावत नसे आणि व्हीलचेअरमध्ये बसल्यावर तिचा डावा हात चाकापाशी लोंबकळत असे, तरी तिला त्याचा पत्ता नसे. त्याहून धोकादायक बाब अशी, की अशा रुग्णाला आपल्याला उभे राहता येत नाही याचीही नीटशी जाणीव नसते. तो सहज म्हणून उठू पाहतो आणि पडतो. पहिल्याच दिवशी मुख्य सिस्टरांनी पलंगाच्या डाव्या अंगाला टांगलेली घंटी काढून आईच्या उजव्या हाताशी, उशीला पिन लावून अडकवली. डावीकडची घंटी या रुग्णाच्या दृष्टीने नसल्यातच जमा असते, हे त्यांनी न विचारता ओळखले, तेव्हाच मला त्या वॉर्डाचा भरवसा वाटू लागला.

पलंगावरून व्हीलचेअरवर घेण्याची त्यांची पद्धतही मी अनेकदा जवळून पाहिली. खुर्ची आईच्या सशक्त, म्हणजे उजव्या बाजूला, पलंगाला थोडी तिरपी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे. पाय ठेवण्याच्या पट्ट्या बाजूला वळवायच्या. तिला पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसवून चक्कर येत नाही ना, हे विचारायचे. मग कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरून, तिच्या लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा आधार देत उभे करायचे. डाव्या हाताला किंवा काखेत धरून कोणीही ओढायचे नाही, हा नियम तर नातेवाइकांनाही होता. लुळ्या बाजूचे स्नायू खांद्याचा सांधा धरून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे अशा ओढण्याने तो निसटू शकतो आणि पुढे त्याची वेदना व्यायामालाच खीळ घालते. भेटायला येणारी आपली माणसे मायेपोटी नेमका तोच हात धरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

रुग्ण पडतात ते बहुधा लघवीच्या घाईत. येथे मॉर्स मापनपद्धतीने पडण्याच्या धोक्याचे गुण मांडत. त्यात अलीकडे पडल्याची नोंद असेल तर एकदम 25 गुण मिळतात आणि बेरीज 45 किंवा त्याहून अधिक झाली की सामान्यतः धोका मोठा मानतात. केवळ गुण मांडून काही होत नाही, पण येथे त्यावरून कामही ठरत असे: झोपण्यापूर्वी आणि रात्री ठरावीक अंतराने मावशी स्वतःहून येऊन आईला शौचालयात नेत, म्हणजे तिला घाईने उठण्याची वेळच येत नसे. रात्री तिचा हात बांधून ठेवा, असे एका नातेवाइकांनी सुचवले, तेव्हा सिस्टरांनी स्पष्ट नकार दिला. चारही बाजूंनी कठडे लावण्यासही त्यांचा विरोध होता, कारण गोंधळलेला रुग्ण कठड्यावरून उतरू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो. त्याऐवजी पलंग अगदी खाली घेतलेला असे.

त्वचेची काळजी दिवसा उत्तम घेतली जाई. कूस बदलण्याच्या वेळा भिंतीवरील तक्त्यावर लिहिल्या जात, टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवल्या जात आणि स्पंज करताना माकडहाडावर लाली, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची पहिली खूण, आहे का, हे पाहिले जाई. जेवण ताठ बसवून, पातळ पदार्थ घट्ट करून देत आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देत नसत. बिलाबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती रात्रीच्या मनुष्यबळाची. रविवारी आणि सणासुदीला एजन्सीच्या बदली मावशी येत. त्यांना आईची डावी बाजू म्हणजे काय प्रकरण आहे, हे कोणी सांगितलेले नसे. एकदा पहाटे एअर बेडचा, म्हणजे अंगावरचा दाब कमी करणाऱ्या हवेच्या गादीचा, पंप बंद आढळला. मोबाइल चार्ज करण्यासाठी कोणीतरी त्याचा प्लग काढला होता आणि गादी बसली होती. तक्त्यावर मात्र त्या रात्रीच्या सगळ्या वेळांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. जखम झाली नाही, पण माकडहाडावरची लाली दुपारपर्यंत ओसरली नाही. मी लेखी तक्रार केल्यावर ड्युटी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर पलंगापाशी उभ्या राहून माहिती देऊ-घेऊ लागल्या आणि पंपाच्या प्लगवर चिकटपट्टी लागली. रात्रीची माणसे मात्र आम्ही निघेपर्यंत वाढली नाहीत.

डिस्चार्जपूर्वी आठवडाभर आईला पलंगावरून खुर्चीवर घेण्याचे काम त्यांनी माझ्याकडून आणि माझ्या भावाकडून करून घेतले, सिस्टर केवळ शेजारी उभ्या असत. घरी त्याचा फार उपयोग होतो आहे. शुद्धीवर असलेल्या आणि गिळता येणाऱ्या रुग्णासाठी, घरचे माणूस सोबत राहू शकत असेल, तर मी हे केंद्र सुचवीन. ट्रॅकिऑस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला छिद्र करून बसवलेली) नळी असलेला किंवा ज्याच्याजवळ रात्री घरचे कोणीच नसेल, असा रुग्ण सध्याच्या मनुष्यबळावर येथे ठेवू नये. प्रवेशापूर्वी रात्री नऊनंतर एक फेरी मारून किती रुग्णांमागे किती सिस्टर आहेत ते स्वतः पाहावे, आणि तशी परवानगी नाकारली, तर दुसरे केंद्र शोधावे.