ट्राबांट की वार्टबुर्ग?

जुनी पूर्व जर्मन गाडी घ्यायची असं ज्याच्या मनात येतं, त्याच्या मनात बहुतेक वेळा ट्राबांटच आलेली असते. साहजिक आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली तेव्हाच्या फोटोंत तीच, पर्यटकांना शहर दाखवायला तीच, फ्रिजवरच्या चुंबकावरही तीच. वार्टबुर्गचं नाव निघालंच तर ‘ती दुसरी, जरा मोठी’ असं निघतं. जर्मनीतल्या सॅक्सनीत नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींपैकी अधूनमधून कोणीतरी मला हा प्रश्न विचारतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. दोन्ही गाड्या मी वापरल्या आहेत. एका सहकाऱ्याची ट्राबांट ६०१ अख्खा हिवाळा माझ्याकडे होती, आणि आता माझ्या दारात वार्टबुर्ग ३५३ डब्ल्यू उभी असते. म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळलंच. तरी ट्राबांटवर अन्याय होणार नाही असं बघतो.

इंजिनं किती सीसीची, वेग किती, हे कुठेही मिळेल. एवढं लक्षात असू द्या की दोन्हींचं मूळ एकच: युद्धापूर्वीची डीकेडब्ल्यू ही जर्मन गाडी. टू-स्ट्रोक इंजिन आणि पुढच्या चाकांना ड्राइव्ह हा सगळा वारसा तिकडचा. ट्राबांट झ्विकाऊची. वार्टबुर्ग आयझेनाखची, आणि तो कारखाना युद्धाआधी बीएमडब्ल्यूचा होता. त्यामुळे आयझेनाखवाल्यांच्या बोलण्यात आजही थोडा तोरा असतो. एकीत दोन सिलिंडर, दुसरीत तीन. कागदावर फरक एका सिलिंडरचा वाटतो, पण गाडीत बसल्यावर दोन वेगळ्या घरांत बसल्यासारखं होतं.

ज्याने चेतक किंवा येझदी चालवली आहे, त्याला या दोन्ही गाड्यांची भीती वाटायचं कारण नाही. (येझदीही शेवटी चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचीच, म्हैसूरला परवान्यावर बनली एवढंच.) चोक ओढायचा, सुरुवातीला निळा धूर सोडू द्यायचा, पंपावर पेट्रोलच्या हिशेबाने टूटी (टू-स्ट्रोकचं तेल) ओतायचं, हे आपल्या पिढीच्या हाताला ठाऊक आहे. प्रमाण एकास पन्नास, म्हणजे तीस लिटरला सहाशे मिलिलिटर. ट्राबांट फार जुनी असेल तर एकास तेहतीस. ट्राबांटमध्ये तर घरच्यासारखंच वाटतं, कारण तिथे पायाशी पेट्रोलचा कॉक आहे: बंद, चालू, रिझर्व्ह. बहुतेक ६०१ गाड्यांत पेट्रोलचा काटाच नाही; बॉनेट उघडायचं आणि टाकीत पट्टी बुडवून बघायचं. टाकी इंजिनाच्या शेजारी वरच्या अंगाला आहे, त्यामुळे पेट्रोल आपोआप खाली उतरतं आणि पंप लागतच नाही. नसलेली वस्तू बिघडत नाही, हे ट्राबांटचं सगळं तत्त्वज्ञान. मला ते मनापासून आवडतं.

चालवायलाही ती गोड आहे, हे कबूल केलं पाहिजे. वजन साधारण सहाशे किलो, स्टिअरिंग हलकं, गल्लीत कुठेही वळते. डॅशबोर्डातून बाहेर आलेली ती काठीसारखी गिअरची दांडी सुरुवातीला विचित्र वाटते, पण आठवडाभरात हात बसतो. लोक थांबून हात करतात. म्हातारे येऊन सांगतात की आम्ही या गाडीसाठी दहा-बारा वर्षं थांबलो होतो, आणि ते खरंच असतं. नाव नोंदवून ताबा मिळेपर्यंत एवढा काळ जायचा. वार्टबुर्गला एवढं प्रेम मिळत नाही. तिच्याकडे बघून लोक विचारतात, ‘ही कुठली?’ प्रसिद्धी हवी असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ट्राबांट घ्या.

आता माझा निकाल ज्या एका गोष्टीने लावला ती. हीटर.

ट्राबांटचं इंजिन हवेवर थंड होतं. पाणी नाही, रेडिएटर नाही, थंडीत गोठायला काहीच नाही. हा तिचा मोठा गुण म्हणून सांगतात, आणि गुण आहेच. पण पाणी नाही म्हणजे हीटरला गरम पाणीही नाही. मग आतली हवा गरम कशी करायची? इंजिनाचा पंखा जी हवा फेकतो, त्यातली थोडी एक्झॉस्टच्या पुढच्या सायलेन्सरभोवतीच्या आवरणातून फिरवून आणायची आणि जाड नळीने माणसांवर सोडायची. साधी, स्वस्त, हुशार युक्ती. सगळं पॅकिंग नवं असेल तोवर ती नीट चालतेही. पण आज मिळणारी गाडी चाळिशीच्या आसपासची असते. कुठे क्लॅम्प ढिला, कुठे नळीला चीर, कुठे सायलेन्सरच्या जोडाला सुईएवढं भोक. आणि टू-स्ट्रोकचा धूर कोरडा नसतो, तेलकट असतो. तो कपड्यांत बसतो, सीटच्या कापडात बसतो, केसांत बसतो.

दिवाळीत केमनित्सहून ड्रेस्डेनला फराळाला निघालो होतो. बाहेर भुरभुर पाऊस, काचा धुरकटलेल्या, त्यामुळे हीटर बंद ठेवणं शक्यच नव्हतं. मागच्या सीटवर चिवड्याचा डबा, घट्ट झाकणाचा. तिथे पोचून उघडला, तर चिवड्याला टूटीचा वास. चकल्यांना कमी, चिवड्याला जास्त. पोहे वास ओढून घेत असावेत. यजमानांनी कौतुक करत खाल्ला, पण बायकोने परतीच्या वाटेवर विषय काढला तो आजतागायत संपलेला नाही.

त्यानंतर मी गास्केट बदललं, नळी बदलली, क्लॅम्प बदलले. वास पुष्कळ कमी झाला. गेला मात्र नाही. ट्राबांट वर्षानुवर्षं पाळलेले लोक म्हणतात की व्यवस्थित जोडलं तर अजिबात येत नाही. असेलही, त्यांच्या हातात ती कला असेल. माझ्या हातात नव्हती. आणि हे नुसतं नाकाचं प्रकरण नाही हेही सांगितलं पाहिजे. आत धूर येतोय म्हणजे त्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि त्याला वास नसतो. मागे लहान मूल बसणार असेल तर मी खिडकी बोटभर उघडी ठेवूनच गाडी हाणायचो, म्हणजे हीटर लावून काय मिळवलं?

दुसरी गंमत सिग्नलवर. गरम हवा ढकलणारा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी थांबली, इंजिन मंदावलं, की हवाही मंदावते. चार माणसांच्या श्वासाने काच धुकटते, आणि हिरवा दिवा लागायच्या आत आपण फडक्याने पुसत बसतो. उन्हाळ्यात यातलं काहीही जाणवत नाही. म्हणूनच जे फक्त मे ते सप्टेंबर गाडी काढतात, त्यांना माझं हे पुराण अतिशयोक्तीचं वाटेल. त्यांचंही चूक नाही.

वार्टबुर्गमध्ये पाणी आहे, त्यामुळे हीटर इतर कुठल्याही गाडीसारखा हीटर आहे. बस्स. एवढ्या एका वाक्यासाठी मी जास्त पैसे मोजले.

बाकी मग बोनस मिळत गेला. तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन चाकाच्या दर फेऱ्याला नव्हे, पण क्रँकच्या दर फेऱ्याला तीनदा पेटतं, म्हणजे सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकइतक्या वेळा. त्यामुळे वेगात असताना ते इतकं गुळगुळीत चालतं की नवख्याला खरं वाटत नाही. (नुसतं उभं असताना मात्र रिंग-डिंग करत अडखळतं. ती तक्रार नसून स्वभाव आहे.) हलणारे मुख्य भाग सातच: तीन पिस्टन, तीन कनेक्टिंग रॉड, एक क्रँकशाफ्ट. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, त्यामुळे दगडी फरसबंदीच्या जुन्या रस्त्यावर पाठ दुखत नाही. डिकीत दोन मोठ्या बॅगा, तांदळाचं पोतं आणि मुलाची सायकल मावते. ऑटोबानवर ट्रक मागून ढकलत नाहीत. ट्राबांटमध्ये उजव्या लेनमध्ये दोन ट्रकच्या मधे बसून मी जेवढा देव आठवला तेवढा देवळातही आठवला नसेन.

आता वार्टबुर्गचे दोष, कारण ते लपवले तर हा लेख जाहिरात होईल. पहिला गंज. पत्रा खराखुरा लोखंडी, आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. उंबऱ्याचे पत्रे, चाकांच्या कमानी, हेडलाइटच्या मागचा भाग, खालची चौकट: सगळीकडून खाते. ट्राबांटचं बाहेरचं अंग ड्युरोप्लास्टचं, म्हणजे कापसाच्या धाग्यांचा चुरा आणि फेनॉल राळ एकत्र दाबून केलेलं. ते गंजत नाही. यावर लोक फार भाळतात. पण त्या कातडीखालचा सांगाडा लोखंडाचाच आहे आणि तो गुपचूप गंजतो. वार्टबुर्गचा गंज निदान डोळ्यांना दिसतो. हे मी माझ्या गाडीची बाजू घेऊन बोलतोय हे मला कळतंय.

दुसरा दोष फ्रीव्हील. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलसोबतच इंजिनात जातं. उतारावर आपण ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद आणि तेलही बंद, वर चाकं इंजिनाला फिरवतच राहतात. ते कोरडं फिरू नये म्हणून पाय काढताच इंजिन चाकांपासून सुटतं. ट्राबांटमध्ये हे फक्त चौथ्या गिअरमध्ये होतं. तिसरा टाकला की इंजिन ब्रेक मिळतो. वार्टबुर्गमध्ये सगळ्या गिअरमध्ये होतं. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका हे खंबाटकीपासून आंबेनळीपर्यंत ज्याच्या कानीकपाळी ओरडलं गेलंय, त्याला इथल्या एर्झगेबिर्ग डोंगराच्या उतारावर पहिल्यांदा घाम फुटतो. फ्रीव्हील बंद करायची खुंटी आहे, आणि ३५३ डब्ल्यूला पुढे डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे सवयीने निभतं. त्याआधीच्या नुसत्या ३५३ ला मात्र चारही ड्रम. डोंगराळ भागात राहत असाल तर ‘डब्ल्यू’च बघा.

सुट्या भागांत ट्राबांट सरळ जिंकते. सगळ्या प्रकारच्या मिळून तीस लाखांवर गाड्या बनल्या, आणि चाहते इतके की बारीक रबरापर्यंत वस्तू नव्याने तयार होतात. वार्टबुर्गचं इंजिनाचं सामान मिळतं, पण पत्र्याचे भाग शोधताना कधी पोलंड, कधी हंगेरीतल्या जाहिराती चाळाव्या लागतात.

खर्चाच्या बाबतीत एक मजेशीर गणित आहे. तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला जर्मनीत एच नंबरप्लेट मिळते आणि वर्षाला सरसकट १९१.७३ युरो कर लागतो. ट्राबांटसारख्या जुन्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या गाडीला साध्या प्लेटवर दर १०० सीसीला २५.३६ युरो. ट्राबांट सहाशेच्या आतली, म्हणजे १५२ युरो आणि थोडे सेंट. थोडक्यात, तिला एच प्लेट महाग पडते! वार्टबुर्गला साध्या प्लेटवर २५३ युरोंच्या वर जातात, तिला एच स्वस्त. पण साध्या प्लेटची ट्राबांट लाइपझिग किंवा बर्लिनच्या पर्यावरण क्षेत्रात नेता येत नाही. एच असेल तर सूट आहे. म्हणून बरेच ट्राबांटवाले चाळीसेक युरो जादा भरून एचच घेतात. विम्यात मला तरी फार फरक दिसला नाही.

फोक्सवॅगनचं फोर-स्ट्रोक इंजिन घातलेल्या ट्राबांट १.१ आणि वार्टबुर्ग १.३ याही आहेत. तिथे धूर नाही, टूटी नाही, आणि ट्राबांटच्या हीटरचा प्रश्नही सुटतो. व्यवहारी माणसाने त्या बघाव्यात. मी बघितल्या आणि सोडल्या. एवढी गैरसोय सोसून शेवटी आवाज पोलोसारखाच येणार असेल तर पोलो काय वाईट.

ज्यांचा जीव ट्रकमध्ये अडकलाय त्यांच्यासाठी दोन ओळी. लुडविग्सफेल्डचा आयएफए डब्ल्यू ५० दिसायला देखणा, मजबूत डिझेल, पण पाच टनी माल उचलणारं धूड आहे. साध्या कारच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतच चालवता येतं, आणि ठेवणार कुठे? त्यापेक्षा बारकास बी १००० व्हॅन घ्या. तिच्यात वार्टबुर्गचंच इंजिन आहे, म्हणजे पुढेमागे दोन्ही पाळल्या तर सामानाचं कपाट एकच पुरतं. हा माझा पुढचा बेत आहे, घरी अजून सांगितलेला नाही.

एकटे-दुकटे असाल, उन्हाळ्यातच काढणार असाल, स्वतः पाना हातात घेण्याची हौस असेल, तर ट्राबांट तुम्हाला जास्त हसवेल. बारा व्होल्टची बघा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातली असली की सहसा तीच असते. जुन्या सहा व्होल्टवर रात्री दिवे लावले काय नि न लावले काय. कुटुंब, सामान आणि पाऊस हे तिन्ही सोबत असणार असतील, तर माझ्या मते वार्टबुर्ग. स्टेशन वॅगन ‘टूरिस्ट’ मिळाली तर उत्तम, फक्त तिच्या मागच्या दाराखालचा पत्रा बोटाने दाबून बघा.

कुठलीही बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधी इंजिन तापवून ठेवू देऊ नका. थंड इंजिनच तुमच्यासमोर चालू करायला सांगा. गालिचा उचला, उंबऱ्याला स्क्रूड्रायव्हर टोचा, ट्राबांट असेल तर बॅटरीखालचा पत्रा आवर्जून बघा. आणि वसंतात जाऊ नका. तेव्हा सगळ्यांनाच गाडी हवी असते आणि भाव चढलेले असतात. नोव्हेंबरात जा: भावही जरा उतरलेले असतात, आणि हीटर पूर्ण लावून, खिडक्या बंद करून अर्धा तास फेरी मारता येते.