मॅचआधी स्ट्रेच धरून बसायचं की हलत हलत अंग गरम करायचं?

आमच्या प्रभादेवीच्या मैदानावर संध्याकाळी कबड्डीची पोरं येतात, निम्मी खाली बसून पायाचे अंगठे पकडून मिनिट-दीड मिनिट तशीच थांबतात, बाकीची हलकं पळून, गुडघे वर उचलत, पाय पुढेमागे झुलवत मग मॅटवर उतरतात. मला विचाराल तर मॅचआधी दुसरंच बरं. स्नायू 60 सेकंदांपेक्षा जास्त ताणून धरला की नंतर थोडा वेळ त्याची ताकद जराशी कमी पडते, आणि रेड असते 30 सेकंदांची, तिथे बोनस मारून मागे उडी घ्यायला पायात झटका हवाच ना! हलत राहिलं की रक्त फिरतं, स्नायू गरम होतात, घाम फुटायला लागला की समजायचं अंग तयार. फुटबॉलवाल्यांचा फिफा 11 प्लस नावाचा वॉर्मअप पण असाच, साधारण 20 मिनिटांचा, पळणं, ताकद, बॅलन्स, उड्या.

धरून ठेवायचं स्ट्रेचिंग वाईट नाही हां, लवचिकता त्याने वाढते, मॅच संपल्यावर निवांत करा. आणि वॉर्मअप करून बाकावर अर्धा तास बसलात तर अंग परत थंड पडतं, उठून जागच्या जागी उड्या मारत रहा रे पोरांनो.