ध्रुवीय बर्फातल्या धुळीची तपासणी : एका ईडीएस सेवेचा अनुभव

अंटार्क्टिकातला बर्फ वितळवून, गाळून मिळालेले 36 कण अवकाशातून आलेले आहेत का, हे बघायला मी ईडीएस करणाऱ्या या प्रयोगशाळेत दिले होते. ईडीएस म्हणजे कणावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून, निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्यातली मूलद्रव्यं ओळखणं; त्याआधी कणांवर वीज वाहून नेणारा पातळ लेप देतात. नमुना नोंदवताना तंत्रज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "लेप सोन्याचा देऊ की कार्बनचा?" तिथेच माझा जीव भांड्यात पडला. सोन्याची क्ष-किरण रेषा गंधकाच्या अगदी शेजारी येते, आणि मला तर गंधकच बघायचं होतं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी न विचारता सोनं चढवलं होतं. ते कण माझ्या लेखी वाया गेले.

कण नुसते चिकटपट्टीवर ठेवून मोजू नका, रेझिनमध्ये बसवून, घासून आतला छेद बघू, हा आग्रहही बाईंचाच. वेळ दुप्पट लागला, पण सार्थकी लागला. पाण्याशी संबंध आला की कणाच्या पृष्ठभागातून निकेल, गंधक, कॅल्शियम झिरपून जातं आणि अस्सल वैश्विक कणही पृथ्वीवरचाच वाटू लागतो. माझ्या 11 नंबरच्या कणाचं तसंच झालं होतं. वरून मोजला तेव्हा निकेलचा पत्ता नव्हता. छेदात मात्र लोह-निकेलचा इवलासा मणी चमकत होता, मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू कोंड्राइट या दगडी उल्कांसारखे जवळजवळ एकास एक होते, आणि काठाला मॅग्नेटाइटची (लोहाच्या ऑक्साइडची) पातळ कड, म्हणजे वातावरणात शिरताना तापल्याची खूण. बाईंनी मला पडद्यापाशी बोलावून ती कड दाखवली. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

तक्रार अहवालाबद्दल आहे. सगळे आकडे बेरीज 100 टक्के होईल असे ओढून-ताणून दिलेले. कण सच्छिद्र असला तर मूळ बेरीज बरीच कमी भरते, आणि नेमकं तेच कळायला हवं असतं. मूळ आकडे आणि स्पेक्ट्रमच्या, म्हणजे क्ष-किरणांच्या आलेखांच्या, फाइल मिळवायला मला दोनदा लिहावं लागलं.

पृथ्वीच्या कवचापेक्षा उल्कांमध्ये जास्त असणारं इरिडियम इथे मोजून मिळणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. ते अब्जांशात असतं, त्याला आयसीपी-एमएस हे अणूंच्या वस्तुमानावरून मोजणारं, जास्त संवेदनशील यंत्र लागतं आणि त्यात बहुधा कणच विरघळवावा लागतो. लोह-60, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटातून येणारं किरणोत्सारी लोह, तर त्याहून दुर्मीळ: 2019 साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यासाठी अंटार्क्टिकातल्या कोनेन स्थानकाजवळचा 500 किलो बर्फ वितळवावा लागला होता. एकेका कणाची ओळख पटवायची असेल तर मात्र मी हीच सेवा सुचवेन.

पुढचे 14 कण तिथेच देतोय. या वेळी अर्जावरच लिहिलंय: मूळ बेरीज आणि स्पेक्ट्रम दोन्ही हवेत.