जुनी कॅम्पर घ्यायचीय: ईको बघू की ट्रॅव्हलर?

मागच्या पावसाळ्यात मी आणि माझा मेहुणा दोन गाड्या सिरीयसली बघून आलो, एक मारुती ईको, आत बेड, छोटं किचन आणि जादाची बॅटरी टाकलेली, आणि दुसरी फोर्स ट्रॅव्हलर, आधी शाळेची पोरं ने-आण करायची, मग कुणीतरी हौसेनं तिचं घर केलं. आत शिरलं की डोळे जातात लाकडी पॅनल, दिव्यांच्या माळा, फ्रिज याकडे, आणि माणूस तिथेच गार होतो. ते सगळं कुठलाही बरा सुतार आणि वायरमन करून देईल हो, खालची गाडी आणि कागद कोण करून देणार?

कागदाचं आधी, कारण दोघींमधला खरा फरक तिथेच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलंय. ईकोत सीटा जागेवर असतील आणि बेड-किचनचा खोका चार नटबोल्ट काढून बाहेर येत असेल तर ते सामान धरता येतं, निदान आरटीओत तुम्हाला सांगायला तोंड असतं. ट्रॅव्हलरमध्ये सीटा उपटून टाकलेल्या, छत कापून व्हेंट बसवलेलं, पाण्याची टाकी, टॉयलेट, आणि आरसीवर बॉडी टाइप अजून बसच, सीटिंग १७! मालक म्हणे, "काही होत नाही ओ, पोलीस उलट फोटो काढतात." पोलीस काढतील, पण उद्या अपघात झाला की इन्शुरन्सचा सर्व्हेअर पण फोटोच काढणार आहे. ट्रॅव्हलर घ्यायचीच तर आरसीवर कॅम्पर व्हॅन चढलेली बघूनच घ्या, नाहीतर ते काम मालकाकडून करून घेऊन मग पैसे द्या. पिवळी पाटी असेल तर फिटनेसही धरा, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. लोन, दंडाच्या पावत्या वगैरे एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर दिसतं, ते दोन्हींना सारखंच.

इंजिन बघायला जाताना फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. आम्ही सांगितलं होतं, तरी ट्रॅव्हलरचं बॉनेट गरमच लागलं, म्हणजे सकाळी हिला उठवायला त्रास होतो हे न बोलता कळलं. हिचं २.६ लिटर डिझेल तसं दणकट, जवळपास कुठल्याही तालुक्याच्या गावात मेकॅनिक मिळतो, पण चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बघा, भकाभका वाफ आणि तेलाचे शिंतोडे बाहेर आले तर पिस्टन रिंगचं, म्हणजे इंजिन खोलायचं काम जवळ आलंय असं धरून चाला. ईकोचं १.२ पेट्रोल इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, त्यामुळे सीट उचलून बघायला लाजू नका. सीएनजीवाली असेल तर सिलिंडर बहुतेक बेडच्या फळीखाली गाडलेला असतो, फळी काढायला लावा आणि टेस्टची तारीख वाचा, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी) लागते. आमच्या ईकोत ती फळी स्क्रूने पक्की केलेली, मालकाकडे स्क्रूड्रायव्हरच नव्हता, तो मेहुण्याच्या खिशात होता. तारीख संपून वर्ष झालं होतं.

पाणी हा ट्रॅव्हलरचा खास रोग. छताला जिथे जिथे भोक पाडलंय, व्हेंट, सोलरचे ब्रॅकेट, तिथलं प्लायवूड आतून अंगठ्याने दाबा, दबलं की कुजलंय. नाक पण वापरा, गाडीत उदबत्तीचा नाहीतर परफ्यूमचा घमघमाट असेल तर खिडक्या लावून दहा मिनिटं आत बसा, खालचा कुबट वास वर येतोच. आम्ही मुद्दाम पावसात गेलो होतो. ईकोला छत सहसा कुणी कापत नाही, तिथे दाराखालचा पत्रा आणि पायाखालचं मॅटिंग उचलून गंज बघा, गाडी कोकणातली असेल तर जरा जास्तच वेळ.

वायरिंग दोन्हीत सारखंच घाबरवणारं निघालं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज दिसला नाही तर ती भाव कमी करायची जागा नाही, आगीची जागा आहे. फ्रिज, पंखा, दिवे एकदम चालू ठेवून अर्धा तास चहा पिऊन या, बॅटरी आणि वायरी किती दम धरतात ते कळतं. आत घरगुती लाल सिलिंडर असेल तर तो त्यांनाच ठेवायला सांगा.

आणि एक काम बहुतेक कुणी करत नाही: वजनकाट्यावर नेणं. किरकोळ पैशात पावती मिळते, आरसीवरच्या वजनाशी ताडून बघा, टाकी भरलेली हवी. ईकोत हे जास्त महत्त्वाचं, लहान गाडीत १९ एमएमचं प्लाय ठोकलं की दोन माणसं आणि सामान बसायच्या आधीच मर्यादेतला वाटा खाल्ला जातो.

दोघंच असाल, शनिवार-रविवार भंडारदरा नाहीतर दिवेआगर, आणि सोमवारी तीच गाडी ऑफिसला, तर ईको. आत उभं राहता येत नाही, पँट आडवं पडून घालावी लागते, सवय होते. लहान पोरं किंवा आई-बाबा बरोबर असतील, महिना-महिना फिरायचं असेल आणि सोसायटीत पार्किंगवरून भांडायची तयारी असेल, तर ट्रॅव्हलर, पण कागद चोख असलेलीच. आम्ही ईको घेतली, सिलिंडरच्या टेस्टचे आणि वायरिंगचे पैसे कापून.