फटी बुजवताना सिलिकॉन घ्यावे की अ‍ॅक्रिलिक?

खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली बारीक फट कोरड्या दिवसांत लक्षातही येत नाही. जोराच्या पावसात मात्र तिथूनच पाणी आत झिरपते, गिलावा फुगतो आणि रंगाचे पोपडे सुटू लागतात. अशी फट घरच्या घरी बुजवता येते. अडचण येते ती दुकानात, कारण सिलिकॉन आणि अ‍ॅक्रिलिक या दोन्ही सीलंटच्या नळ्या दिसायला सारख्याच असतात, गुण मात्र पुष्कळ वेगळे.

सिलिकॉन हवेतील ओलाव्याने पक्के होते आणि नंतरही रबरासारखे लवचीक राहते, त्यामुळे ऊन-थंडीने फट कमीजास्त झाली तरी ते सहसा तुटत नाही. सततचे पाणी आणि कडक ऊन ते चांगले सोसते. बेसिनची कड, न्हाणीघराचे कोपरे आणि बाहेरच्या खिडक्या यांसाठी मी निःशंकपणे सिलिकॉनच सुचवेन. त्यातही दोन प्रकार आहेत. लावताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातून अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडते. तो काच आणि चकचकीत टाइल यांवर उत्तम बसतो, पण संगमरवर, सिमेंट आणि तांबे यांना बाधतो. तिथे ‘न्यूट्रल’ असे लिहिलेली नळीच घ्यावी.

सिलिकॉनची मोठी उणीव म्हणजे त्यावर रंग धरत नाही. ब्रश फिरवला की रंग थेंबाथेंबाने गोळा होतो आणि मधली पारदर्शक रेघ तशीच उघडी राहते. दरवाजाची चौकट, छताची पट्टी किंवा भिंतीतली बारीक भेग अशा आतल्या, कोरड्या आणि रंगवायच्या जागी म्हणूनच अ‍ॅक्रिलिक सरस ठरते. ते ओल्या बोटाने सहज गुळगुळीत करता येते आणि हात पाण्याने धुता येतात. मात्र त्यातले पाणी उडून गेल्यावर ते आकसते, त्यामुळे रुंद फटीत दुसरा हात द्यावा लागतो, आणि सतत ओल्या जागी ते टिकत नाही. बाहेरची फट रंगवायचीच असेल, तर या दोन्हींऐवजी पॉलियुरेथेन सीलंट पाहावे.

निवड अचूक असली तरी पूर्वतयारीत हयगय झाली, तर सारे श्रम वाया जातात. सिंकच्या कडेला जुन्या सिलिकॉनवरच मी एकदा नवे लावले होते. काही आठवड्यांत ते फितीसारखे अखंड सुटून हातात आले, कारण पक्क्या झालेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉनही नीट चिकटत नाही. जुना थर पात्याने पूर्ण खरवडावा, जागा पुसून कोरडी करावी आणि दोन्ही कडांना मास्किंग टेप लावावी. ही टेप सीलंट ओले असतानाच काढायची असते. फट खोल असेल, तर आधी फोमची दोरी आत दाबावी, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटते आणि मोकळेपणाने ताणले जाते.

सिलिकॉन साधारणपणे 24 तासांत 2 ते 3 मिलिमीटर खोलीपर्यंत पक्के होते, त्यामुळे न्हाणीघरात लावल्यावर नळीवर दिलेली मुदत संपेपर्यंत शॉवर बंद ठेवावा. बाहेर लावलेले अ‍ॅक्रिलिक वाळण्याआधी पाऊस आला, तर ते धुऊन जाते. म्हणून सलग कोरडे दिवस पाहूनच ते काम काढावे.