परमिटवर नोटीस आली: तडजोड की सुनावणी?

कॅलिफोर्नियातल्या एका कार्डरूममध्ये, म्हणजे पैसे लावून पत्ते खेळायच्या परवानाधारक जागेत, पत्ते वाटणारा (डीलर) मावसभाऊ परवा फोनवर म्हणाला, "दादा, दंड भरून मोकळा होऊ की सुनावणी मागू?" तिथे डीलरला वर्क परमिट, म्हणजे या कामाचा परवाना, लागतो. बऱ्याच ठिकाणी तो शहरच देतं, आणि नियम मोडला तर काढूनही घेतं. भावाला तशाच कारवाईची नोटीस आली होती.

पैशाचं म्हणाल तर तडजोड स्वस्त. दंड किंवा काही दिवसांचं निलंबन, विषय संपला. सुनावणीला वकील स्वतःच्या खिशातून, कारण हे प्रशासकीय प्रकरण, सरकारी वकील मिळत नाही. वेळेतही तडजोडच पुढे.

खरी मेख नोंदीत आहे. तडजोडीत आरोप मान्य केला की तो फाइलला चिकटतो, आणि पुढे दुसऱ्या गावी अर्ज करताना जुनी कारवाई विचारली जाते. म्हणून सही करण्याआधी मसुद्यातला 'मान्य' हा शब्द शोधा.

पुरावा मात्र कॅमेऱ्यात असतो. टेबल सोडताना डीलर दोन्ही तळवे उघडे करून दाखवतो, ते हातात काही लपवलेलं नाही हे कॅमेऱ्यात दिसावं म्हणूनच. भावावर आरोप होता डावाचं शुल्क (खेळाडूंकडून कार्डरूम घेते ते) डाव सुरू होण्याआधी न ठरवता घेतल्याचा. फुटेजमध्ये तसं दिसत असेल, तर वकिलाला पैसे कशाला द्यायचे?

चूक खरी, किरकोळ आणि पहिलीच असेल तर तडजोड. आरोप चोरीचा किंवा संगनमताचा असेल, किंवा परमिटच जाणार असेल, तर नोटिशीतली मुदत संपायच्या आत सुनावणी मागा.

भाऊ पहिल्या गटातला निघाला.